कॅच कॅनवरच्या त्या प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या लेखात मी लिहिलं होतं की डायरेक्ट इंजेक्शनच्या पेट्रोल पिकअपला ऑइल कॅच कॅन, म्हणजे इंजिनातून परत हवेच्या वाटेत जाणाऱ्या वायूतलं तेल अडवून साठवणारा डबा, बसवणं फायद्याचं आहे. त्यावर तुम्ही लिहिलंत: "भोळ्या मालकांच्या गळ्यात मारायचा डबा आहे हा. गरज असती तर कंपनीनेच बसवला नसता का? त्यात जमतं ते निम्मं पाणी. थंडीत गोठतो, वॉरंटी जाते, आणि नव्या इंजिनांना दोन-दोन प्रकारचे इंजेक्टर असताना हवाय कशाला? डबा ओतल्याचे फोटो टाकून लोकांना घाबरवणं बंद करा."

मतभेदाचं मला वावडं नाही. याआधी वाचकांनी चुका दाखवल्या, त्या मी दुरुस्तही केल्या. पण "घाबरवणं" हा शब्द लागला. मी कॅच कॅन विकत नाही, विकणाऱ्याकडून दमडी घेत नाही. बावीस वर्षं इंजिनं उघडतोय आणि जे हाताला लागलं तेच लिहिलं. "भोळे मालक" म्हणताना तुम्ही माझ्या वाचकांचाही अपमान केलात, आणि तो करण्याआधी लेख शेवटपर्यंत वाचायला हवा होता.

पाण्याचं मात्र तुमचं बरोबर आहे. हिवाळ्यात कॅनमधून निघतं ते दुधाळ, तपकिरी असतं. परवा मी ते काचेच्या बरणीत ओतून रात्रभर ठेवलं. सकाळी तळाला गढूळ पाणी होतं, वर तेलाचा काळपट थर, आणि पाणी निम्म्याहून जास्त. झाकण उघडताच पेट्रोलचा वास आला. फोटोत ते सगळं तेलच वाटतं. त्यात पाणीही असतं, अशी ओळ आता फोटोखाली टाकली आहे.

आता "गरज असती तर कंपनीनेच बसवला नसता का?" हा प्रश्न मी हजारदा ऐकला आहे, आणि दर वेळी तो विचारणाऱ्याला वाटतं की विषय संपला.

पिस्टन रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी थोडा वायू त्यांच्या कडेने खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे सिलिंडरांखालच्या तेलाच्या भागात, उतरतोच. त्याला ब्लो-बाय म्हणतात. त्याच्यासोबत तेलाचे बारीक थेंब, पाण्याची वाफ, न जळलेलं पेट्रोल असतं. पूर्वी हे सरळ हवेत सोडून देत. प्रदूषणाचे नियम आले तसं पीसीव्ही व्हॉल्व्ह नावाच्या झडपेतून ते परत इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनाच्या हवा घेण्याच्या वाटेत, ओढून जाळायला लागले. इंजेक्टर इनटेक पोर्टमध्ये होते तोवर पेट्रोलचा फवारा व्हॉल्व्हच्या पाठीवरून जायचा आणि तेल धुऊन निघायचं. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं. इनटेक व्हॉल्व्हला त्याचा थेंबही लागत नाही, आणि गरम धातूवर तेल बसत, करपत राहतं.

कंपन्यांना हे ठाऊक नाही असं तुम्हाला खरंच वाटतं? व्हॉल्व्ह कव्हरच्या आत वायूतलं तेल अडवणारे आडवे पत्रे (बॅफल) आणि सेपरेटर कंपनीच बसवते. कमिन्सच्या ६.७ लिटर डिझेलवर क्रँककेसच्या वायूसाठी फिल्टर कंपनीचाच असतो, आणि तो ठरावीक अंतराने बदलायचा असतो. फोर्डने २०१७ साली ३.५ लिटर इकोबूस्टमध्ये डायरेक्टच्या जोडीला पोर्ट इंजेक्शन परत आणलं. त्यामागे इतरही कारणं होती, पण व्हॉल्व्ह धुतले जाणं हा त्याचा उघड फायदा आहे. म्हणजे गरज कंपन्यांनी ओळखली, उपाय त्यांच्या सोयीचा निवडला.

कॅन त्यांच्या सोयीचा नाही, कारण तो हाताने रिकामा करावा लागतो. मालक विसरला की कॅन भरतो आणि साचलेलं सगळं इनटेककडे ओढलं जातं. नळी तुंबली तर क्रँककेसमध्ये दाब वाढून सील गळायला लागतात. लाखो गाड्या विकणारी कंपनी ही जबाबदारी मालकाच्या आठवणीवर टाकणार नाही, आणि ते बरोबरच आहे. पण कंपनीने न बसवणं वेगळं आणि इंजिनाला उपयोग नसणं वेगळं. वॉरंटीपुरता विचार कंपनी करते. गाडी पंधरा वर्षं वापरायची आहे ती मला.

माझ्याच पिकअपचं सांगतो. सकाळी थंड इंजिन सुरू केलं की मिसफायर व्हायचा. सर्व्हिस सेंटरने तीनदा "पेट्रोल खराब असेल" सांगून परत पाठवलं. शेवटी १,१२,००० किलोमीटरला मी इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांचा भाग) स्वतः काढला. व्हॉल्व्हच्या दांड्याभोवती कोळशासारखी खपली. नखाने निघेना, स्क्रूड्रायव्हरचं टोक घातलं तेव्हा तुकडा सुटला. आठही पोर्ट अक्रोडाच्या टरफलांच्या भुग्याने ब्लास्ट करून साफ केले, मग बॅफल आणि जाळीचा कॅन बसवला. पुढच्या ७०,००० किलोमीटरनंतर बोअरस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) घातला, तर पातळ काळा थर होता आणि कडेला धातू दिसत होता. पूर्ण स्वच्छ नव्हतं, कारण व्हॉल्व्हच्या सीलमधून उतरणारं तेल कॅन अडवू शकत नाही. हेही मी लेखात लिहिलं होतं.

एका इंजिनावरून काही सिद्ध होत नाही, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. पण त्याआधी तुम्ही स्वतः किती मॅनिफोल्ड काढून आत पाहिलंत, तेवढं सांगा.

बाकीच्या मुद्द्यांत फार दम नाही. थंडीत गोठतो, तर थंडीत लवकर लवकर रिकामा करायचा. वॉरंटीत असलेल्याने आपले कागद वाचावेत. दोन्ही प्रकारचे इंजेक्टर असलेल्या इंजिनाला कॅन बसवा असं मी कुठेही म्हटलेलं नाही. आणि आत ना जाळी ना बॅफल, नुसत्या दोन नळ्या लावलेलं भांडं विकतात, त्याला खुशाल डबा म्हणा, मीही म्हणेन.

तुमची प्रतिक्रिया काढणार नाही, आहे तशी राहील. पुढच्या वेळी बरणीसोबत वजनकाटाही ठेवणार आहे, म्हणजे पाणी किती आणि तेल किती हे ग्रॅममध्ये लिहिता येईल. घाबरवण्याचा आरोप मात्र मागे घ्या.