दिवा घालवणारे काका

चेक इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकत असेल तर मिसफायर होतोय (सिलिंडरमधलं पेट्रोल नीट पेटत नाहीये) आणि न जळलेलं पेट्रोल धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर भाजून काढतंय असं समजावं. गाडी बाजूला घ्यावी. स्थिर असेल तर घाबरू नये, आधी गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदलेला दोषाचा कोड स्कॅनरने वाचावा. माझा स्थिर होता. बोनेट उघडं ठेवून स्कॅनर आणायला वर गेलो, खाली आलो तर शेजारचे काका दहाचा पाना घेऊन इंजिनावर वाकलेले.

"मायनस काढलाय," काका म्हणाले. "प्लसला आधी कधी हात लावायचा नाही."

हे बरोबर आहे, हीच तर पंचाईत. काकांचं साफ चुकलं असतं तर निदान ओरडता आलं असतं.

"पण काढलात कशाला?"

"दहा मिनिटं ठेवायचा. टीव्हीचा बॉक्स अडकला की आपण काय करतो? कॉम्प्युटर तो कॉम्प्युटर. विसरतो बिचारा."

"काका, त्याने विसरायला नको होतं हो. आत कोड होता."

"मग? तोच घालवायचा होता ना?"

घड्याळात बघून त्यांनी टर्मिनल लावलं, चावी फिरवायला सांगितली. इंजिन सुरू झालं, दिवा विझला. काकांनी हात पुसले. त्या दिवशी ज्याने ज्याने "काय झालं?" विचारलं, त्याला उत्तर काकांनी दिलं.

बहुतेक गाड्यांत बॅटरी काढली की कोडबरोबर फ्रीज फ्रेमही पुसली जाते. दोष नोंदला त्या क्षणी आरपीएम किती, लोड किती, कूलंट गरम की थंड, फ्युएल ट्रिम (पेट्रोलच्या मात्रेत कॉम्प्युटर करतो ती टक्क्यांतली दुरुस्ती) कुठे, हे सगळं तिच्यात असतं. शिवाय शिकलेला ट्रिम शून्यावर येतो. दोष मात्र जिथल्या तिथे. आणि अशा बऱ्याच कोडांना दिवा लावण्यासाठी दोष सलग दोन ट्रिपमध्ये (गाडी सुरू करून चालवून बंद केली की एक ट्रिप) दिसावा लागतो. म्हणजे काकांच्या कीर्तीची सोय खुद्द गाडी बनवणाऱ्यांनीच करून ठेवलेली.

दिवा परत लागला. पी०१७१: मिश्रण लीन, हवा जास्त, पेट्रोल कमी. हा कोड दिसला की 'ऑक्सिजन सेन्सर गेला' म्हणून तो बदलणारे पुष्कळ. अरे, तक्रार त्यानेच केलीय! ती खरी की खोटी, हे तरी बघा.

त्यासाठी लाइव्ह डेटा लावायचा. शॉर्ट (त्या क्षणाचा) आणि लाँग (शिकलेला) ट्रिमची बेरीज करायची. शून्याच्या आसपास असेल तर उत्तम, सतत +१० टक्क्यांच्या वर असेल तर शोध घ्यावा. इथे आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, +२२, आणि २५०० आरपीएमला +५. यातच निदान आहे. फटीतून शिरणारी जादा हवा आयडलच्या तुटपुंज्या हवेत मोठा हिस्सा ठरते. थ्रॉटल, म्हणजे हवा आत सोडणारी झडप, उघडला की तीच नगण्य होते. उलट वेग आणि लोडबरोबर ट्रिम चढत गेला असता, तर फ्युएल प्रेशर, फिल्टर किंवा इंजिनात जाणारी हवा मोजणारा एमएएफ सेन्सर मळलाय का, हे तपासलं असतं.

मग थ्रॉटलच्या पुढे, इंजिनाच्या बाजूला जोडलेला रबरी होज (नळी). वरून बघितला तर नवाकोरा. इंजिन बंद करून त्याच्या घड्या दोन्ही हातांनी ताणल्या, तेव्हा तळाशी, बोटाने चाचपावं लागेल अशा जागी, नखाएवढी चीर उघडली. मोजणी चुकवून हवा तिथून आत शिरत होती. (लीक शोधायला गरम इंजिनावर क्लीनरचे फवारे मारणारे शूर असतात. तो पेट घेतो. धूर सोडणारं मशीन मिळालं तर बरं.)

होज बदलला, कोड पुसला, हा आता रीतसर स्कॅनरने. ट्रिम +२ वर आला. काका मागे उभेच होते.

"सेन्सर कुठला टाकलात?"

"सेन्सर नाही. रबरी होज फाटला होता."

"नुसतं रबर?" काकांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "मग परत लागणार. माझ्या वेळी गेला होता की नाही?"