‘गुन्हेगारी रक्तातच असते’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

नागपुरातल्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतो आहे. शास्त्रज्ञांना गुन्ह्याचे जनुक सापडले, ते बापाकडून मुलात उतरते, काही जमातींत ते पिढ्यान्‌पिढ्या आहे म्हणूनच इंग्रजांनी त्यांची यादी केली, आणि कान-जबड्यावरून असा माणूस ओळखू येतो, असे त्यात म्हटले आहे. एरवी मी सोडून दिले असते. पण मानेवाड्याच्या माझ्या आत्याने हा मेसेज वाचून एका पारधी विद्यार्थ्याला वरची खोली नाकारली. “पोरगा चांगला दिसते, पण रक्ताचं काय सांगावं बाप्पा!” आता गप्प बसवत नाही.

मेसेजात ज्याचे नाव आहे ते जनुक ‘एमएओए’; मेंदूतली काही रसायने मोडणारे एन्झाइम ते बनवते. ते एक्स गुणसूत्रावर असते. मुलाला एक्स आईकडून मिळते, बापाकडून वाय. म्हणजे हे जनुक बापाकडून मुलात उतरूच शकत नाही. शाळेत शिकवतात हे! २००२ साली ‘सायन्स’ या शोधपत्रिकेत कास्पी या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी न्यूझीलंडमधल्या डुनेडिनच्या मुलग्यांचा अभ्यास छापला. जन्मापासून सव्विशीपर्यंत त्यांच्यावर लक्ष ठेवले होते. या जनुकाचा मंद, म्हणजे कमी काम करणारा, प्रकार तिथल्या एक तृतीयांशाहून जास्त मुलांत होता. ज्यांचा लहानपणी छळ झाला नव्हता, ती मंद जनुकाची मुले इतरांपेक्षा जास्त गुन्हेगार निघाली नाहीत. फरक दिसला तो छळ सोसलेल्यांत. नंतरच्या अभ्यासांत हेही कुठे टिकले, कुठे नाही.

आता इंग्रजांची यादी. सगळ्यात विषारी मुद्दा हाच. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा झाला तेव्हा जनुक हा शब्दही नव्हता. १९११ च्या नव्या कायद्याने हा प्रकार देशभर पसरला. यादीतल्या जमातीत जन्मलात की नोंद, चौकीवर हजेरी, परवानगीशिवाय गाव सोडायचे नाही. सोडले तर तोच गुन्हा! मग त्याच गुन्ह्यांची नोंद दाखवून म्हणायचे, बघा, रक्तातच आहे. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण गावात चोरी झाली की आजही पोलीस आधी पारध्यांच्या बेड्यावर, म्हणजे वस्तीवर, जातात. फासे लावून तितर-बटेर धरणे हा फासेपारध्यांचा पिढीजात धंदा. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तोही गुन्हा ठरला. जंगल वाचायला हवे होते, मान्य. पण त्यांच्या पोटाची सोय कोणी केली?

आणि आपल्या राज्यातल्या विमुक्त जातींच्या, म्हणजे इंग्रजांच्या त्या यादीतून सुटलेल्यांच्या, यादीत बंजाराही आहेत. पुसदचे वसंतराव नाईक त्याच समाजातले. १९६३ ते १९७५ ते राज्याचे मुख्यमंत्री होते. मेसेजवाल्यांनी त्यांचे रक्त कोणते ते सांगावे.

कान-जबड्याची गोष्ट लोम्ब्रोसो या इटालियन डॉक्टरची, १८७६ ची. इंग्लंडच्या गोरिंग या तुरुंगातल्या डॉक्टरने सुमारे तीन हजार कैद्यांची मोजमापे घेऊन १९१३ मध्येच ती निकालात काढली. त्यावर आणखी शब्द घालवत नाही.

एवढे मात्र कबूल करावे लागते की उतावळेपणा, चटकन भडकणे यांत आनुवंशिकतेचा थोडा वाटा असतो, हे जुळ्यांच्या अभ्यासांत दिसले आहे. बालपणी शरीरात शिसे गेले किंवा डोक्याला जबर मार बसला, तरी वागणे बिघडू शकते. पण हे एकेका माणसाचे असते, ब्राह्मणाच्या घरीही आणि पारध्याच्या घरीही. त्यावरून खोली द्यायची की नाही, हे ठरत नाही.

ज्यांनी हा मेसेज पुढे ढकलला, त्यांनी त्याच ग्रुपवर हे उत्तरही टाकावे.