खुलासा : भांग 'चढली नाही' म्हणून दुसरी गोळी घेऊ नका

मार्कंड्याची यात्रा तोंडावर आली आणि आपल्या चामोर्शीकडच्या ग्रुपांवर फिरतंय : "अर्ध्या तासात भांग चढली नाही तर आणखी घ्या, जास्त झाली तर लिंबू पाजा." दोन्ही चूक. ओढलेला गांजा फुप्फुसातून काही मिनिटांत मेंदूत पोचतो. खाल्लेली भांग आतड्यातून यकृतात जाते. तिथं तिच्यातल्या टीएचसीपासून (नशा आणणाऱ्या घटकापासून) मेंदूत सहज शिरणारा दुसरा जोरदार पदार्थ तयार होतो. म्हणून ती एक-दोन तासांनी चढते, आणि तोवर दुसरी गोळीही पोटात गेलेली असते! लिंबानं टीएचसी निघत नाही. ते चरबीत मुरतं, सावकाश बाहेर पडतं. गुंगीतल्या माणसाच्या तोंडात मेहेरबानी करून काहीच ओतू नका, श्वासनलिकेत जातं. कुशीवर झोपवा, 108 ला फोन लावा.