दिवे स्थिर म्हणजे वीज शुद्ध?

इंदूरच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांत सध्या एक संदेश फिरत आहे. पंख्यात रंगीत दिवे असलेला स्वस्त एसएमपीएस (संगणकाच्या भागांना वीज पुरवणारा नग) महागड्याच्या तोडीचा असतो, असे सांगून त्यात चार ‘पुरावे’ दिले आहेत: दिवे लुकलुकत नसतील तर पुरवठा शुद्ध, डब्यावरचे वॅट पुरेसे, 80 प्लस या कार्यक्षमतेच्या शिक्क्याचा 500 वॅटचा नग प्रत्यक्षात 400 वॅटच देतो, आणि बिघाड झालाच तर एसएमपीएसपुरताच. लोकमान्यनगरातील माझा भाचा हे वाचून सिल्व्हर मॉलमधून असा नग घेऊनही आला, म्हणून लिहिणे भाग आहे.

पहिला दावा तर हास्यास्पदच आहे. एसएमपीएसमधील स्विचिंग, म्हणजे विजेची उघडझाप, सेकंदाला हजारो वेळा होते, त्यामुळे पुरवठ्यावर उमटणारी तरंगी चढउतार, म्हणजे रिपल, कितीही वाढली तरी डोळ्याला दिवा स्थिरच दिसणार. एसएमपीएस कसा असावा हे ठरवणाऱ्या इंटेलच्या एटीएक्स आराखड्यानुसार 12 व्होल्टच्या वाहिनीवर (त्या दाबाची वीज नेणाऱ्या तारांवर) रिपल 120 मिलिव्होल्टपर्यंत आणि 5 व्होल्टवर 50 मिलिव्होल्टपर्यंतच चालते; ती मोजायला ऑसिलोस्कोप, म्हणजे विजेचे तरंग पडद्यावर दाखवणारे यंत्र, लागतो. त्याच आराखड्यात 12 व्होल्टची वाहिनी भाराखाली जुन्या आवृत्त्यांनुसार 11.40 च्या, तर एटीएक्स 3.0 पासून 11.20 च्या खाली जाता कामा नये, असेही आहे. ती 11 वर घसरली, तरी पंख्यातला निळा दिवा बहुधा तसाच झगमगत राहील. दिव्यांवरून पुरवठ्याची पारख करणे म्हणजे घोड्याच्या झुलीवरून त्याची धाव ठरवणे होय.

वॅटचे म्हणाल, तर भाच्याच्या डब्यावर ‘450’ हा आकडा ठळक छापला आहे, आणि नगाच्या बाजूच्या बारीक तक्त्यात 12 व्होल्टसमोर 18 अँपिअर आहेत. म्हणजे 12 गुणिले 18, अवघे 216 वॅट! प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मुख्यतः याच वाहिनीवर चालतात. भाच्याला बसवायचे असलेले आरटीएक्स 3060 हे ग्राफिक्स कार्ड एकटेच 170 वॅटचे आहे. त्यात 65 वॅटचा प्रोसेसर मिळवला की तक्त्यातली मर्यादा ओलांडलीच.

80 प्लसचे गणित उलटे मांडले आहे. 80 टक्के कार्यक्षमता म्हणजे 400 वॅट देण्यासाठी भिंतीतून 500 घेणे. 500 वॅटचा नग 500 वॅटच देतो. त्या शिक्क्यात रिपलची परीक्षा नसते, हे मात्र खरे.

‘एसएमपीएसपुरताच बिघाड’ हे आश्वासन धोकादायक आहे. आराखड्यानुसार 12 व्होल्टची वाहिनी 15.6 व्होल्टच्या वर जाण्याआधी नग स्वतःहून बंद झाला पाहिजे. हे संरक्षण नसले, तर वाढलेले व्होल्टेज मदरबोर्ड आणि डिस्कपर्यंत पोहोचते, आणि डिस्कमधल्या मजकुराची भरपाई वॉरंटी सहसा देत नाही.

ग्राफिक्स कार्ड नसलेल्या, हिशेब आणि टंकलेखनापुरत्या संगणकाला स्वस्त नग पुरतो, एवढे मी नाइलाजाने मान्य करतो. मात्र तिथेही घेण्याआधी दिवे विसरून 12 व्होल्टसमोरचे अँपिअर वाचावेत, आणि अतिव्होल्टेज व शॉर्टसर्किट ही दोन्ही संरक्षणे डब्यावर स्पष्ट लिहिली आहेत ना, हे पाहावे.