गाणं आधी आपल्या माणसासाठी असतं

दर एप्रिलमध्ये आमच्या नाशिकच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तोच वाद निघतो. सुरुवात आंबेडकर जयंतीच्या मिरवणुकीतल्या डीजेपासून होते, आणि मग कुणीतरी मनातलं बोलतं: ‘या भीमगीतांनी तेढ वाढते. जुनं कशाला उकरून काढायचं?’ बर्मिंगहॅममध्ये बसून हे वाचताना मला राहवत नाही.

आवाजाची तक्रार मला मान्य आहे. म्हाताऱ्या माणसाच्या छातीत धडधड होईल इतका डीजे जयंतीलाही नको आणि गणपतीलाही नको. पण गाण्यातल्या शब्दांवरचा आक्षेप मला अजिबात पटत नाही.

मी राहते त्याच शहरात २० एप्रिल १९६८ रोजी इनॉक पॉवेल या खासदाराने स्थलांतरितांविरुद्ध विखारी भाषण केलं. १९७६ मध्ये इथल्याच एका कार्यक्रमात एरिक क्लॅप्टन या प्रसिद्ध रॉक गिटारवादकाने मंचावरून पॉवेलची तळी उचलली. त्या संतापातून ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ ही चळवळ उभी राहिली. ३० एप्रिल १९७८ ला लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कात तिचा मोठा कार्यक्रम झाला, त्यात स्टील पल्स होता. बर्मिंगहॅमच्या हँड्सवर्थ भागातल्या कॅरिबियन घरांतल्या पोरांचा हा रेगे, म्हणजे जमैकातून आलेल्या संगीताचा, बँड. त्यांच्या गाण्यांनी किती वर्णद्वेष्ट्यांची मनं पालटली असतील? फारशी नसावीत. पण ज्या पोराला शाळेच्या वाटेवर रोज शिवी ऐकावी लागे, त्याची मान त्या गाण्याने ताठ झाली. अशी गाणी आधी त्याच्यासाठीच असतात.

जुलै २०२४ च्या अखेरीस इंग्लंडमधल्या साउथपोर्टला तीन लहान मुलींची हत्या झाली, मारेकरी मुसलमान आश्रित असल्याच्या खोट्या अफवा पसरल्या आणि इंग्लंडच्या कित्येक गावांत दंगली झाल्या. मशिदींवर, आश्रितांना ठेवलेल्या हॉटेलांवर हल्ले झाले. तेव्हा याच ग्रुपवर ‘जपून राहा गं’, ‘गप्प बसू नका, ठणकावून सांगा’ असे निरोप आले. फार धीर आला त्यांनी. वर्णद्वेषाचं नाव काढू नकोस, तेढ वाढेल, असं मला एकानेही सांगितलं नाही.

मग नाशिकमध्ये वेगळा नियम का?

२ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. बाबासाहेब होते, दादासाहेब गायकवाड होते, आणि गावोगावहून आलेली हजारो माणसं होती. वर्षांमागून वर्षं गेली, दार उघडलं नाही. त्याच काळात भीमराव कर्डकांसारख्यांचे जलसे आपल्या जिल्ह्यात फिरत होते. ढोलकीच्या तालावर सांगणं काय, तर मेलेली जनावरं ओढू नका, दारू सोडा, पोरं शाळेत घाला. समोर बसलेल्यांना उठून उभं करणारी ही गाणी होती. पुढे सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीच्या वामनदादा कर्डकांनी हेच काम आयुष्यभर केलं. साध्या, चालीवर बसणाऱ्या मराठीत त्यांनी घराघरातल्या बायांच्या तोंडी स्वाभिमान दिला. काही ओळी बोचतात, खरं आहे. बोचू द्या. देवळाचं दार बंद ठेवणाऱ्यांच्या नातवंडांना एवढं तरी सोसता यायला हवं.

जात आणि वर्ण एक नाहीत, हे मला कळतं. पण जोतीरावांना १८७३ मध्येच त्यातलं नातं दिसलं होतं. ‘गुलामगिरी’ त्यांनी अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना. इथे ब्रिटनमध्ये मात्र जातिभेद कायद्याने स्पष्टपणे वर्णभेदात धरावा असं संसदेने २०१३ मध्ये ठरवलं, तेव्हा विरोधाला आपल्याच काही संघटना उभ्या राहिल्या, आणि २०१८ मध्ये सरकारने ते सोडून दिलं. याची मला अजून चीड येते. गोऱ्यांकडून समानता मागायची आणि आपल्यातल्यांना ती द्यायची नाही, हे कसं चालेल?

२०३० मध्ये त्या सत्याग्रहाला शंभर वर्षं होतील. तोवर नाशिकच्या प्रत्येक शाळेत, माझ्याही, वामनदादांचं एक तरी गाणं मुलांना चालीसकट शिकवा. डीजे लागणार नाही. ढोलकी, पेटी आणि पोरांचे गळे पुरेत.