ढोलीत सिमेंट भरायला निघालेल्यांनो, जरा थांबा

पावसाळा तोंडावर आला की तो मेसेज फिरायला लागतो. "पोकळ झाड म्हणजे मेलेलं झाड. मे महिन्यातच तोडा, नाहीतर ढोलीत सिमेंट भरून शेंडा उडवा. पक्षी दुसरीकडे जातात. स्वतःच्या जागेत परवानगी लागत नाही. फुकट तोडून मिळेल." गुहागरच्या मामाने हे वाचून परड्यातल्या ढोलीवाल्या बेहड्याच्या झाडासाठी कटरवाल्याला फोनसुद्धा लावला, म्हणून लिहितोय.

पोकळ म्हणजे मेलेलं, हे कोणी ठरवलं? झाडाचा जीव सालीखाली नि बाहेरच्या लाकडात असतो, गाभा कुजला तरी झाड पालवतं. 2020 च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन-दिवेआगरच्या सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, त्या काय पोकळ होत्या? बरं, एवढं मान्य, की प्रत्येक ढोलीवालं झाड भरवशाचं नसतं. बुंध्याशी अळंबी, मुळांजवळ जमिनीला नवी भेग, झाड अचानक कललेलं, यातलं काही दिसलं तर जाणकाराला दाखवाच.

पण "पक्षी दुसरीकडे जातात" वाचून डोकं फिरलं. कुठे जातात? धनेश पक्ष्याला ढोली कोरता येत नाही, त्याला तयार ढोलीच लागते, आणि तेवढी मोठी ढोली व्हायला झाड म्हातारं व्हावं लागतं. मादी आत बसून दार लिंपून घेते, फक्त चोच जाईल एवढी फट ठेवते, पंखांची पिसं गाळते, नि नर बाहेरून वड-उंबराची फळं आणून भरवतो. हे सगळं साधारण जानेवारी-फेब्रुवारीपासून मेपर्यंत चालतं, म्हणजे मेसेजवाला जेव्हा करवत लावायला सांगतो नेमकं तेव्हा आत मादी किंवा पिल्लं कोंडलेली असू शकतात! 1972 च्या वन्यजीव कायद्यात पक्ष्यांच्या घरट्याला किंवा अंड्यांना धक्का लावणं हे शिकारीत मोडतं, हेही त्या फॉरवर्डवाल्याला कोणीतरी सांगा.

मग घरावर पडू द्यायचं का? नाही. कौलांवर आलेल्या लांब फांद्या आतल्या चांगल्या जाड उपफांदीपर्यंत मागे घ्या, वारा कमी धरतो, खोड नि ढोली राहते. झाड पूर्ण वठलंच असेल तर पडलं तरी घरापर्यंत पोचणार नाही एवढ्या उंचीचं खोड उभं ठेवा. ही कामं पाऊस संपल्यावर, दिवाळीच्या आसपास काढा, आणि यंदा मेमध्ये अगदीच भीती वाटत असेल तर आधी ढोलीत घरटं आहे का यावर नजर ठेवा, मामा, आणि गुरं दुसऱ्या बाजूला बांधा.

सिमेंटचं तर बोलूच नका. झाड वाऱ्यात हलतं, सिमेंट हलत नाही. अमेरिकेच्या वनखात्यातले अ‍ॅलेक्स शिगो, ज्यांनी हजारो झाडं उभी चिरून बघितली, त्यांनी दाखवलं की झाड कुजलेल्या भागाभोवती स्वतःच भिंत घालतं, आणि ढोली खरवडून साफ करताना आपण तीच भिंत फोडतो. शेंडा उडवला की धुमाऱ्यांचं जंगल फुटतं, ते वरवर चिकटलेले असतात, चार-पाच वर्षांनी तेच मोडून पडतात.

परवानगीचं म्हणाल तर 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आंबा, फणस, जांभूळ, ऐन, किंजळ सगळे आहेत, झाड तुमच्या सातबाऱ्यावर असलं तरी. आणि फुकट तोडून देणाऱ्याला आधी विचारा, लाकूड कोण नेणार?