निपाणीची ती कॅसेट

२००७ च्या पावसाळ्यात बेळगावच्या टिळकवाडीतील एका सायबर कॅफेत मी यूट्यूबवर कुमार गंधर्वांची एक खासगी मैफल पहिल्यांदा ऐकली. पडद्यावर हलते चित्र नव्हतेच. एक स्थिर छायाचित्र होते आणि त्याखाली हळूहळू भरत जाणारी करडी पट्टी होती. ती पट्टी अडली की गाणेही अडायचे, आणि तासाला वीस रुपये मोजून बसलेले आम्ही दोघे मित्र, एकाच हेडफोनची एकेक बाजू कानाला लावून, ती पुढे सरकण्याची वाट पाहत बसायचो. दहा मिनिटे भरली की तान मध्येच तुटायची आणि मग ‘भाग २’ शोधावा लागायचा. कुमारजींचा जन्म सुळेभावीचा, म्हणजे आमच्या बेळगाव जिल्ह्यातलाच. तरीही त्यांच्या अशा मैफलींची ध्वनिमुद्रणे ज्या संग्राहकांच्या कपाटांत होती, त्यांच्या घरी आमच्यासारख्यांना कोण बसवून घेणार होते? ती कपाटे आमच्यासाठी त्या दिवसांत उघडली.

यूट्यूबची सुरुवात फेब्रुवारी २००५ मधली. ऑनलाइन पैसे देण्या-घेण्याची सेवा चालवणाऱ्या पेपॅलमध्ये काम केलेल्या चॅड हर्ली, स्टीव्ह चेन आणि जावेद करीम या तिघांनी ते उभारले. २३ एप्रिल २००५ रोजी त्यावर चढवलेली पहिली चित्रफीत प्राणिसंग्रहालयातली होती आणि अवघ्या १९ सेकंदांची होती. त्याआधी संगणकावर चित्रफीत पाहायची म्हणजे ती आधी उतरवून घ्यायची, मग ती चालवणारा प्लेअर शोधायचा, आणि तरीही चित्र आले तर आवाज येत नसे. ब्राउझरमध्येच चित्रफीत चालवणाऱ्या फ्लॅश या सॉफ्टवेअरमुळे ही कटकट संपली आणि पान उघडले की चित्रफीत तिथल्या तिथे चालू लागली. ऑक्टोबर २००६ मध्ये गूगलने १६५ कोटी डॉलरच्या समभागांच्या मोबदल्यात ही कंपनी घेण्याचे जाहीर केले, तेव्हा ती दोन वर्षांचीही झाली नव्हती. चढवण्यापूर्वी कोणाची परवानगी दाखवावी लागत नव्हती, हे त्या वाढीचे एक मोठे कारण होते, आणि पुढच्या सगळ्या तंट्याचे मूळही तेच होते. मालिका आणि चित्रपट अखंड चढवले जाऊ नयेत म्हणून मार्च २००६ मध्ये दहा मिनिटांची मर्यादा आली. लोकांनी त्यांचे तुकडे पाडले. आमची तान तुटत होती ती त्यामुळे.

त्या उत्साहात मीही एक गोष्ट केली. आमच्या घरी निपाणी भागातील एका भजनी मंडळाची कॅसेट होती. तिथल्याच एका लहान निर्मात्याने ती काढली होती आणि यात्रेत, बाजारात, एसटी स्टँडजवळच्या दुकानांत तो ती स्वतः विकत असे. टेपरेकॉर्डरची वायर संगणकाला जोडून मी दोन्ही बाजू उतरवल्या, वर विठोबाचा फोटो लावला आणि अशाच एका संकेतस्थळावर चढवल्या. परगावी गेलेल्या आमच्या लोकांनी भरभरून कौतुक केले, तेव्हा आपण भाषेची सेवा करतो आहोत असे मला मनापासून वाटले होते. काही महिन्यांनी तो निर्माता पत्ता काढत माझ्या घरी आला. तो भांडला नाही. पिशवीतून त्याने तीच कॅसेट काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाला, “सर, तुम्ही चांगल्या मनानं केलासा, पर आमचं पोट ह्याच्यावर हाय की वो.” मी त्याच रात्री ते काढून टाकले. पण तोवर दुसऱ्या कोणीतरी ते उतरवून घेऊन तीन ठिकाणी चढवले होते आणि त्यांतल्या एकाही ठिकाणी मंडळाचे नाव नव्हते.

तेव्हापासून या विषयावर ‘कंपन्या विरुद्ध सामान्य माणूस’ असे कोणी बोलू लागले की ते मला पटत नाही. अमेरिकेतील १९९८ च्या कायद्यानुसार, विशिष्ट मजकूर बेकायदा आहे हे संकेतस्थळाला ठाऊक नसेल आणि सूचना मिळताच त्याने तो हटवला, तर वापरकर्त्यांनी चढवलेल्या मजकुराची जबाबदारी त्याच्यावर येत नाही. मार्च २००७ मध्ये व्हायाकॉम या अमेरिकी मनोरंजन कंपनीने यूट्यूबवर शंभर कोटी डॉलरहून अधिक भरपाईचा दावा लावला. २०१० मध्ये न्यायालयाने यूट्यूबच्या बाजूने कौल दिला, अपिलात तो अंशतः फिरला, आणि २०१४ मध्ये दोघांनी तडजोड केली. आपल्याकडे टी-सीरिज या संगीत कंपनीने यूट्यूबविरुद्ध २००७ मध्येच दिल्ली उच्च न्यायालय गाठले होते. मायस्पेस या समाजमाध्यमाविरुद्धच्या त्यांच्या दुसऱ्या खटल्यात २०१६ च्या डिसेंबरमध्ये खंडपीठाने सांगितले की, नेमक्या कोणत्या मजकुराने हक्कभंग होतो याची प्रत्यक्ष माहिती असल्याशिवाय संकेतस्थळाला जबाबदार धरता येणार नाही. न्यायाच्या दृष्टीने मला हे बरोबरच वाटते. मात्र त्याचा व्यवहारातला अर्थ असा की, आपली वस्तू कोणी उचलली आहे का हे मालकाने रोज स्वतः पाहत बसायचे. मोठी कंपनी त्यासाठी माणसे ठेवू शकते. निपाणीचा निर्माता बाजारच्या दिवशी दुकान सोडून सायबर कॅफेत बसू शकत नव्हता.

त्यावर उपाय म्हणून २००७ मध्ये यूट्यूबने स्वरांचे आणि चित्रांचे ठसे जुळवून पाहणारी यंत्रणा आणली, जी पुढे कंटेंट आयडी म्हणून ओळखली गेली. मालक आपले मूळ ध्वनिमुद्रण देतो आणि जुळणारे काही सापडले की ते बंद करायचे, मुके करायचे की जाहिरातीचे पैसे आपल्याकडे वळवायचे हे तो ठरवतो. पण ही सोय मिळते ती ज्यांच्याकडे हक्काच्या सामग्रीचा मोठा साठा आहे त्यांनाच. एक-दोन कॅसेटी काढणाऱ्याला तिथे दार नाही.

असल्या यंत्राची दुसरी बाजू मी खानापूर तालुक्यातील एका गावी अनुभवली. हरिनाम सप्ताहात पहाटेच्या काकड्याला लोक तुकोबांचा अभंग म्हणत होते. पखवाज एकच, टाळ चार, आणि मध्येच कुठेतरी बैलाच्या गळ्यातली घंटा. मी ते टिपले आणि चढवले, तर एका ध्वनिमुद्रण कंपनीने ते आपल्या मालकीचे असल्याचा दावा केला आणि माझ्या चित्रफितीचा आवाज गेला. सतराव्या शतकातील शब्दांवर कोणाचा कॉपीराइट असेल? आपल्या कायद्यात तो लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो, आणि ध्वनिमुद्रणाचा प्रकाशनानंतर साठ वर्षे. कंपनीचा हक्क तिच्या ध्वनिमुद्रणापुरता होता. पिढ्यान्‌पिढ्या गायिल्या जाणाऱ्या वारकरी चालीवर तो असणे शक्यच नव्हते. मी हरकत नोंदवली आणि काही आठवड्यांनी कारण न देता दावा मागे घेतला गेला. पण ज्या आजोबांनी तो अभंग म्हटला होता, त्यांना नातवाच्या मोबाइलवर स्वतःचे ओठ हलताना दिसले होते, आवाजाशिवाय. ते मला विसरता येत नाही.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की, मोकळीक होती तेव्हाही आणि पहारा आला तेव्हाही, गाणाऱ्याला आणि लहान निर्मात्याला कोणी विचारले नाही. मीही विचारले नव्हते. सीमाभागात आपली गाणी टिकवण्याची तळमळ मोठी आहे, पण त्या तळमळीपोटी आपल्याच माणसाची परवानगी न घेण्याचा हक्क आपल्याला मिळत नाही.

काही वर्षांनी त्या निर्मात्याच्या मुलाबरोबर बसून आम्ही मूळ टेपवरून ती भजने पुन्हा उतरवली आणि त्याच्याच नावाने चढवली. गायक, पेटीवाले, पखवाजवाले यांच्या घरी जाऊन संमती घेतली आणि सगळ्यांची नावे लिहिली. टाळ धरणाऱ्या चौघांपैकी एकाचे नाव अजून मिळालेले नाही. ते मूळचे अकोळचे होते एवढेच मंडळातल्या वडीलधाऱ्यांना आठवते. कोणाला ठाऊक असेल तर कृपया मला कळवावे.